शिकाऊ हातांनी बसवलेले दात

'शिकाऊ' हा शब्द मराठीत कोणी कौतुकाने वापरत नाही. गाडीच्या मागे तांबड्या रंगात 'एल' दिसला, की आपण आपले वाहन जरा लांबून काढतो. शिकाऊ शिंप्याकडे नवे कापड टाकत नाही. शिकाऊ न्हाव्यासमोर पोराला बसवतो, स्वतः बसत नाही. रुग्णालयात मात्र हा चतुरपणा चालत नाही. जबडा प्रत्येकाला एकच मिळालेला असतो, आणि त्यात स्क्रू बसवायला शिकणाऱ्यालाही कुठून तरी सुरुवात करावीच लागते. ती त्याने कोणाच्या जबड्यापासून करावी, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकीय वाटतो. मला तो तसा वाटत नाही.

मी भोकरला दातांचा दवाखाना चालवतो. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे हे तालुक्याचे गाव. एका अंगाला नांदेड, दुसऱ्या अंगाला तेलंगणाची हद्द. कापूस, सोयाबीन, तूर, हळद यांवर इथले पोट चालते, आणि त्या पोटात जे जाते ते मुख्यतः ज्वारीच्या भाकरीच्या रूपाने जाते. भाकरी चावायला दाढा लागतात. पुढचे दात गेले तर माणूस हसताना तोंडावर हात धरतो; पण दाढा गेल्या की त्याचे जेवणच बदलते. वरणात कुस्करलेली भाकरी, दुधात भिजवलेली पोळी. शेंगदाणे, हुरडा, मटण या गोष्टी मग त्याच्यापुरत्या संपतात. पन्नाशी-पंचावन्नची, अजून औतामागे चालणारी माणसे असे जेवताना मी रोज पाहतो.

या माणसांपुढे पर्याय तीन. पहिला कवळी, म्हणजे काढता-घालता येणारे दात. खालच्या जबड्याची कवळी पुष्कळांना नीट बसत नाही. ती घरी गाडग्यात आणि माणूस लग्नात, असे दृश्य नवे नाही. दुसरा ब्रिज. त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात तासावे लागतात. तिसरा इम्प्लांट. आमच्याकडे त्याला 'स्क्रूचा दात' म्हणतात आणि हे नाव अगदी बरोबर आहे. साधारण चार मिलिमीटर जाडीचा आणि दहा मिलिमीटर लांबीचा टायटॅनियमचा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवायचा, हाड त्याला धरेपर्यंत काही महिने थांबायचे आणि मग त्यावर कॅप चढवायची. खासगी दवाखान्यात अशा एका दाताला वीस हजारांपासून चाळीस-पन्नास हजारांपर्यंत खर्च येतो. दोन एकर कोरडवाहू असलेल्या माणसाला दोन दाढांसाठी तेवढे पैसे मोजणे म्हणजे एका हंगामाचे बियाणे आणि खत तोंडात घालण्यासारखे आहे.

म्हणून मी चिठ्ठी लिहून देतो. नांदेडला आणि लातूरला दंत महाविद्यालये आहेत. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबईला तर नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयाची परंपरा १९३३ पासूनची. महाविद्यालयांत इम्प्लांट खासगीच्या मानाने पुष्कळ स्वस्तात होते. कारण उघड आहे. तिथे तो स्क्रू बहुधा प्राध्यापक बसवत नाहीत. शल्यचिकित्सेत किंवा अन्य शाखेत एमडीएस करणारा पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी बसवते. माझी चिठ्ठी हातात घेऊन रुग्ण उठतो, दारापर्यंत जातो आणि परत वळून विचारतो, "डॉक्टरसाब, तिथं शिकाऊ पोरं बसवायलेत म्हणे दात. टिकतील का?"

या प्रश्नाला 'टिकतात हो, जा' असे उत्तर देता येते आणि बहुतेक डॉक्टर ते देतात. मला हा प्रश्न त्याहून अधिक मान देण्याच्या लायकीचा वाटतो.

मुळात ही विद्याच शिकाऊ हातांनी जन्माला घातली. पेर-इंगवार ब्रॉनेमार्क हा स्वीडिश संशोधक दातांचा डॉक्टर नव्हता. १९५२ साली लुंड येथे तो सशांच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होता. त्यासाठी त्याने हाडात टायटॅनियमचे एक छोटे उपकरण बसवले होते. प्रयोग संपल्यावर ते महागडे उपकरण काढायला गेला, तर निघेना. हाड त्याला जाऊन मिळाले होते. १९६५ मध्ये त्याने गोस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात पहिले स्क्रू बसवले. लार्सनला जन्मतः जबड्याचे व्यंग होते, दात नव्हते. तो २००६ मध्ये वारला तेव्हा ते स्क्रू चाळीस वर्षे काम करीत होते. तोपर्यंत जगभर लक्षावधी लोकांच्या तोंडात तसे स्क्रू गेले होते.

ही कथा दंतवैद्यांच्या प्रत्येक परिषदेत सांगितली जाते. तिचा पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. १९८१ साली ब्रॉनेमार्कच्या गटाने पंधरा वर्षांचा हिशेब जाहीर केला: ३७१ रुग्ण, २७६८ स्क्रू. त्यात त्यांनी सुरुवातीची, पद्धत घडत असतानाची वर्षे वेगळी काढून दाखवली आणि त्या वर्षांचे निकाल नंतरच्यापेक्षा कमी असल्याचे लिहिले. पद्धत स्थिरावल्यानंतरच्या, पाच ते नऊ वर्षे पाहिलेल्या रुग्णांत वरच्या जबड्यातले ८१ टक्के आणि खालच्या जबड्यातले ९१ टक्के स्क्रू टिकले होते. म्हणजे वरच्या जबड्यात पाचांतला जवळपास एक गेला होता, आणि तो गेला असे त्यांनीच छापून सांगितले. पुढल्याच वर्षी, १९८२ मध्ये, टोरांटोच्या परिषदेत जगाने ही पद्धत मान्य केली ती या आकड्यांच्या बळावर. आपण शिकत असताना काय बिघडले याचा हिशेब त्या लोकांनी ठेवला होता, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसला.

आता प्रशिक्षणार्थींविषयी. शिकाऊ हातांनी बसवलेले इम्प्लांट किती टिकतात, याचा अभ्यास परदेशांतल्या विद्यापीठांत बराच झाला आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी पन्नासाहून कमी इम्प्लांट बसवले होते, अशा शल्यचिकित्सकांचे स्क्रू अनुभवी हातांच्या तुलनेत दुपटीने निकामी झाले होते. सर्वांत मोठा फरक पहिल्या नऊ रुग्णांत होता. पुढे २०१७ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात असे दिसले, की डॉक्टर कोणत्या शाखेचा, याने फारसा फरक पडत नाही. त्याने आधी पन्नास बसवलेत की नाही, याने पडतो. म्हणजे पाटीवरच्या पदव्या मोजण्यापेक्षा हाताखालून गेलेले जबडे मोजावेत. आमच्या गावचा कोणीही गवंडी हे आकडेवारीशिवाय सांगेल.

पण 'दुपटीने' हा शब्द ऐकून रुग्णाने घाबरण्याआधी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. चांगल्या हातांत, एका दातासाठी बसवलेले स्क्रू दहा वर्षांनी शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास शिल्लक असतात. अपयशच मुळात थोडे. त्याची दुप्पट झाली तरी ते थोडेच राहते. देखरेखीखाली काम करणाऱ्या प्रशिक्षणार्थींचे शंभरातले नव्वद किंवा त्याहून अधिक स्क्रू टिकल्याची नोंद एकाहून अधिक विद्यापीठांनी केली आहे. माझ्या रुग्णांतही तसेच दिसते. भोकरजवळच्या एका खेड्यातल्या मावशींच्या खालच्या दोन दाढा काही वर्षांपूर्वी एका शिकाऊ मुलीने बसवल्या. त्या दर सहा महिन्यांनी दात साफ करायला येतात आणि प्रत्येक वेळी त्या मुलीची चौकशी करतात. ती आता कुठे असते, तिचे लग्न झाले का, हे मला माहीत असावे असा त्यांचा समज आहे.

तरीही या नव्वद टक्क्यांकडे मी थोड्या संशयाने पाहतो. एक तर शिकाऊंना सोपे रुग्ण दिले जातात; हाड भरपूर, साखर ताब्यात, खालचा जबडा. ते योग्यच आहे, पण मग निकालही चांगला लागणार. दुसरे, अशा अभ्यासांत जे रुग्ण परत येतात त्यांचीच मोजदाद होते. जो परत आलाच नाही, त्याचा दात टिकला की गेला हे कागदावर नसते. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. 'टिकला' आणि 'यशस्वी झाला' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्वीडनच्याच अल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये यशाच्या कसोट्या घालून दिल्या. स्क्रू हलता कामा नये, क्ष-किरण चित्रात त्याच्याभोवती काळी रेघ दिसता कामा नये, दुखणे वा पू नसावा, आणि पहिल्या वर्षानंतर भोवतालचे हाड वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा अधिक झिजू नये. शिकाऊ हाताचा खरा दोष पुष्कळदा स्क्रू गळून पडण्यात दिसतच नाही. स्क्रू पक्का बसतो, पण तिरका बसतो. मग त्यावरची कॅप वेडीवाकडी करावी लागते, तिच्याखाली ब्रश पोहोचत नाही, अन्न साचते आणि सहा-सात वर्षांनी हाड खचू लागते. कागदावर मात्र तो 'टिकला' या रकान्यात बसलेला असतो.

सुरुवातीलाच जे जातात, त्यांची कारणे हाताशी अधिक जवळची असतात. हाडाला भोक पाडताना ते तापते. ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिले तरी हाडाला इजा होते, हे १९८३ मध्ये सशांवरील प्रयोगातून दाखवले गेले. म्हणून सलाईनच्या पाण्याची धार सतत सोडत, धारदार ड्रिलने, दाब न देता, उचलत-टेकवत भोक पाडायचे असते. नवखा माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेला माणूस दाब देतो. विद्यार्थी असताना मी पहिली दाढ काढली, तेव्हा आमच्या सरांनी माझ्या मनगटावर नुसते दोन बोटांनी टेकवले होते. बोलले काहीच नाहीत. हात किती जोर लावतो आहे, हे त्यांना त्या दोन बोटांतून कळत होते. देखरेख म्हणतात ती ही. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी शीर असते. तिच्यापासून दोन मिलिमीटर तरी अंतर राखायचे असते. वरच्या जबड्यात मागच्या बाजूला हाड भुसभुशीत आणि त्याच्या वर सायनसची पोकळी. हे सारे पुस्तकात असते, परीक्षेत लिहिता येते, आणि तरी पहिल्या नऊ रुग्णांत हाताला ते येत नाही.

मग प्रश्न एवढाच उरतो की त्या पहिल्या नवांच्या शेजारी कोण उभे असते. महाविद्यालय आणि बाजार यांच्यातला फरक मला इथे दिसतो. सध्या दंतवैद्यांसाठी हॉटेलांत दोन-तीन दिवसांचे इम्प्लांटचे अभ्यासक्रम भरतात. बहुधा स्क्रू विकणाऱ्या कंपन्यांच्या मदतीने भरतात; प्लॅस्टिकच्या किंवा बोकडाच्या जबड्यावर हात फिरवायला मिळतो, जेवण चांगले असते आणि शेवटी भिंतीला लावण्याजोगे प्रमाणपत्र मिळते. तिथून परतलेला डॉक्टरही शिकाऊच असतो, पण त्याच्या पाटीवर तसे लिहिलेले नसते. त्याच्या मनगटावर दोन बोटे टेकवणारे कोणी नसते. त्याचे पहिले नऊ रुग्ण पूर्ण पैसे भरून शिकवणीला बसलेले असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. आमच्या व्यवसायातल्या माझ्या बंधूंना हे आवडणार नाही. पण 'शिकाऊ पोरं' म्हणून रुग्ण ज्यांच्याविषयी घाबरतो, त्यांच्यापेक्षा मला या न दिसणाऱ्या शिकाऊंची भीती अधिक वाटते.

यात कायद्याचीही थोडी गंमत आहे. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने पदवीधरांची एक नोंदवही केली आणि पदवी नसलेल्या, पण आधीपासून त्या धंद्यावर पोट भरणाऱ्यांची दुसरी. म्हणजे अनुभव आणि पदवी यांतला घोळ या धंद्याला स्वतंत्र भारताइतकाच जुना आहे. आज दंतशास्त्राच्या पदव्युत्तर शाखा नऊ आहेत, आणि त्यांत इम्प्लांट नावाची शाखा नाही. शल्यचिकित्सेवाले, हिरड्यांवाले आणि कृत्रिम दातांवाले असे तीन विभाग ते बसवतात. परिणाम असा होतो, की स्क्रू एका विभागातला विद्यार्थी बसवतो आणि कॅप दुसऱ्या विभागातला. मधल्या चार-सहा महिन्यांत एकाची परीक्षा होते, दुसऱ्याची बदलीची पाळी येते. रुग्ण केसपेपर हातात धरून दोन मजल्यांच्या मध्ये जिन्यावर उभा.

रुग्णाच्या बाजूचेही सांगितले पाहिजे, नाहीतर सगळा दोष पोरांच्या माथी जाईल. धूम्रपान आणि अनियंत्रित मधुमेह हे इम्प्लांटचे जुने वैरी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करताना आढळले. त्यांतले बहुतेक ओढणारे नव्हेत, तर मळून, चघळून, घासून तोंडात ठेवणारे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. भोकरच्या टपऱ्यांवर त्या बंदीने काय साधले, हे विचाराल तर गुटखा फळीवरून फळीखाली गेला. विडी-सिगारेटने स्क्रू जाण्याचा धोका वाढतो, हे जगभर मोजले गेले आहे. चुना-तंबाखूने नेमका किती वाढतो याचा पुरावा तेवढा भक्कम नाही, पण ज्या गालात बार असतो तिथल्या हिरडीची अवस्था मी रोज पाहतो. त्यात नवा स्क्रू सुखाने राहील, असे मानायला माझे मन धजत नाही. रुग्णाला विचारावे तर तो म्हणतो, "सोडली की." केव्हा सोडली? "आत्ता बाहेर थुकून आलो."

आणि हंगाम. स्क्रू बसवल्यावर ठरलेल्या तारखांना जावे लागते. पेरणीच्या तोंडावर कोणी जात नाही. सोयाबीन काढणीला कोणी जात नाही. मुलीचे लग्न निघाले तर त्या वर्षी जात नाही, कापसाचा भाव पडला तर एसटीचे भाडेही जड होते. काहीजण कामाला हैदराबाद-निजामाबादकडे निघून जातात. महाविद्यालयाच्या वहीत अशा रुग्णापुढे 'गैरहजर' असा शेरा पडतो. तारखा ठरवताना मृगाचा विचार करणारे एखादे महाविद्यालय मला अजून भेटायचे आहे.

मागे एक रुग्ण माझ्याकडे आले. साठीचे, अंगाने काटक. कागदाची पुडी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे निघून आलं." पुडीत टायटॅनियमचा स्क्रू होता. वरच्या जबड्यात, एका महाविद्यालयात, दीड महिन्यापूर्वी बसवलेला. जखम स्वच्छ होती, दुखत नव्हते. अशा वेळी हाड भरू द्यायचे आणि काही महिन्यांनी पुन्हा बसवायचे. दुसऱ्या खेपेला पुष्कळदा टिकतोही. हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "पुन्हा बसवतो म्हणले, पर स्क्रूचे पैसे पुन्हा मागायलेत." बसवणारा मुलगा त्यांच्याशी चांगला वागला होता, तो फार हिरमुसला होता, असे त्यांनीच सांगितले. "पोराचा काय दोष?" असेही म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. दोष पोराचा नाही, मामांचा नाही, हाडाचाही नाही म्हणू. मग पैसे मामांनीच का भरायचे?

या व्यवहारातली मेख तिथे आहे. महाविद्यालयात रुग्ण सवलतीने उपचार घेतो, हे खरे. पण तो काही फुकट घेत नाही. तो आपला जबडा शिकवण्यासाठी देतो. त्या जबड्यावर मिळवलेला अनुभव घेऊन विद्यार्थी पुढे पुण्याला, हैदराबादला दवाखाना टाकतो आणि त्या अनुभवाचे पैसे आयुष्यभर घेतो. शिकण्याचा नफा विद्यार्थ्याकडे आणि महाविद्यालयाकडे, आणि शिकण्यातला तोटा साठीच्या शेतकऱ्याकडे, ही वाटणी मला मान्य नाही. ठराविक मुदतीत निकामी झालेला स्क्रू महाविद्यालयाने पदरच्या खर्चाने पुन्हा बसवून द्यावा. शंभरातले पाच-दहा गेले, तर त्यांचा बोजा उरलेल्या नव्वदांवर थोडा थोडा पसरवता येतो. विम्याचे साधे तत्त्व आहे ते, आणि आमच्या गावात भिशी चालवणाऱ्या बायकांनाही ते कळते.

दुसरे, रुग्णाला सांगावे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात संमती म्हणजे काय ते स्पष्ट केले: उपचाराचे स्वरूप, त्यातले धोके, पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली ती संमती. आमच्याकडे संमतीपत्र म्हणजे इंग्रजीत छापलेला एक कागद आणि खाली अंगठा. ड्रिल कोणाच्या हातात असणार, त्याने आधी किती बसवलेत, शेजारी कोण उभे राहणार, हे त्यात मराठीत आणि मोठ्या अक्षरात का असू नये? रुग्ण पळून जातील ही भीती मला निराधार वाटते. गेली कित्येक वर्षे मी माझ्या चिठ्ठीबरोबर हे तोंडी सांगत आलो आहे. काहीजण जात नाहीत, हे खरे. बहुतेक जातात. मावशी तर म्हणाल्या होत्या, "शिकू द्या की लेकराला. माझा नातूबी कुठंतरी शिकायलाच लागलाय." फक्त ही परवानगी त्यांच्याकडून मागून घ्यायची असते, गृहीत धरायची नसते.

तिसरे म्हणजे मोजणे. स्वीडनमध्ये २००३ साली ज्यांनी इम्प्लांट बसवून घेतले, अशा लोकांतून सरकारी विम्याच्या नोंदींच्या आधारे काही हजार माणसे निवडली गेली. २७६५ रुग्णांची आणि त्यांच्या ११३११ स्क्रूंची कागदपत्रे मिळवून तपासली, त्यांतल्या ५९६ जणांना नऊ वर्षांनी बोलावून प्रत्यक्ष पाहिले. त्यांच्यातल्या ७.६ टक्के लोकांचा किमान एक तरी स्क्रू गेला होता. ज्यांचे दात उरले होते त्यांतही पुष्कळांच्या स्क्रूभोवती सूज, रक्त, हाडाची झीज होती. ज्या देशाने ही विद्या जगाला दिली, त्याने स्वतःचे घर असे झाडून पाहिले. आपल्या दंत महाविद्यालयांत वर्षाला किती इम्प्लांट बसतात, कोणत्या वर्षाच्या विद्यार्थ्याने बसवलेले किती गेले, हे रुग्णाला कोणत्या फलकावर वाचायला मिळते? प्रवेशाची फी आणि निकालाची टक्केवारी मात्र वेशीपासून दिसते. विद्यार्थी तीन वर्षांनी निघून जातो. रुग्ण आणि स्क्रू मागे राहतात. सहाव्या वर्षी हिरडीतून रक्त येऊ लागले, तर त्या स्क्रूचा वाली महाविद्यालयच असायला हवे, आणि वाली व्हायचे तर आधी वही हवी. त्यात रुग्णाचे नाव, स्क्रूचा प्रकार, बसवणाऱ्याचा आणि शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाचा उल्लेख, आणि दर वर्षीचे क्ष-किरण चित्र. याला संगणकही लागत नाही. आमच्या सहकारी सोसायटीचा सचिव असली वही गेली वीस वर्षे हाताने लिहितो आहे.

मी रुग्णांना चिठ्ठी देणे थांबवलेले नाही. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आता पाच ओळी लिहून देतो आणि तिथे विचारायला सांगतो: स्क्रू कोण बसवणार, शेजारी कोण असणार, निघाला तर पैसे कोण भरणार, कॅप कधी आणि कोण करणार, आणि दर वर्षी तपासायला यायचे ते कोणत्या खिडकीवर. पहिल्या चार प्रश्नांची काहीतरी उत्तरे लिहून आणणारे रुग्ण हल्ली भेटतात. पाचव्या ओळीपुढची जागा अजून बहुधा कोरीच येते. महाविद्यालयांनी महिन्यातून एक दिवस एक शिक्षक, चार विद्यार्थी आणि क्ष-किरणांचे छोटे यंत्र घेऊन गाडी भोकर, हिमायतनगर, किनवटपर्यंत आणली, तर ती जागा भरेल. पेरणीचे दिवस तेवढे वगळावेत.